डॉल्फिनच्या तक्त्यातली माझी ओळ

हा लेख टाकावा की नको यात पंधरा दिवस गेले. शेवटी माझी बायको सुमन म्हणाली, "आवं, फिरून आला की घाटाचं, थाळीचं कौतिक लिवता. मग ह्येच का दडवून ठेवताय?" तिचं बरोबर होतं. या ब्लॉगवर मी तुम्हा लोकांना कुठं थांबा, काय खा, कुठला रस्ता धरा असं शहाणपण सांगत असतो. यावेळी शहाणपण जरा बाजूला ठेवतो. मी जे केलं त्याची मला लाज वाटते, आणि ते सांगितल्याशिवाय हा प्रवास सांगता येणार नाही.

आमचं घर कडेगावजवळ, गुहागर-विजापूर रस्त्याला लागून. दारातनं डावीकडं निघालं की विट्यावरनं जत, तिथं माझी बहीण दिलेली आहे. उजवीकडं निघालं की कराड, पाटण, घाट आणि थेट समुद्र. बावीस वर्षं फौजेत काढली, लडाख पाहिलं, तवांग पाहिलं, पण स्वतःच्या दारातला रस्ता जिथं संपतो ते टोक काही पाहिलं नव्हतं.

बहिणीची पोरगी पल्लवी गेलं वर्षभर त्या टोकाला डॉल्फिन मोजायचं काम करते. जतची पोरगी, टँकरच्या पाण्यावर वाढलेली, आणि आता रोज समुद्राकडं बघत बसते, यावरनं आम्ही तिची लय चेष्टा करायचो. एक दिवस तिचा फोन आला. "मामा, रस्ता तुमच्या दारातनंच येतोय. कवा येताय?" दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पहाटे निघा, म्हणजे कराडची गर्दी लागत नाही. पेट्रोल कराडलाच भरून घ्या. पाटणला आम्ही मिसळ खाल्ली, तिखट होती, पण पाव ताजे. कोयनानगर सोडलं की कुंभार्ली घाट लागतो. वळणं अवघड नाहीत, पण मालट्रक भरपूर आणि मध्ये मध्ये रस्ता उखडलेला. सुमनला उलटीचा त्रास आहे, म्हणून दोनदा थांबलो. चिपळूणला उतरलं की हवाच बदलते, अंगाला शर्ट चिकटायला लागतो. तिथनं गुहागर तास-सव्वा तास. पल्लवीचा मुक्काम त्याच्याही पुढं एका छोट्या गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं आणखी गर्दी व्हायला नको.

राहायची सोय घरगुती होती. खोली साधी, पण स्वच्छ. सुरमईची थाळी साडेतीनशेला, आणि सोलकढी मागाल तेवढी. संध्याकाळी अंगणात बसून पल्लवीनं तिचं काम समजावून सांगितलं.

गोष्ट अशी होती. तिथल्या खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनच्या माद्या पिल्लं घेऊन येतात. पर्यटक वाढले, होड्या वाढल्या, तेव्हा सरकारी कचेरीनं शास्त्रज्ञांच्या एका सल्लागार गटाला विचारलं, की ही खाडी होड्यांना बंद करावी का? गटात प्राध्यापक आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, एक म्हातारे कोळीही आहेत. ते हुकूम काढत नाहीत. पल्लवीसारखी पोरं टेकडीवर बसून जे बघतात आणि तक्त्यात भरतात, ते वाचून, त्यावर आपसांत भांडून, लेखी सल्ला देतात. मग कचेरी ठरवते.

मी म्हणालो, "सल्ला द्यायला काय गं, आमच्या गावात पानपट्टीवर सकाळधरनं गट बसलेला असतो."

ती हसली. "मामा, तुमच्या गटानं कवा कुणाचं काय मोजलंय का?"

मग तिनं दत्तारामबद्दल सांगितलं. दत्ताराम तिथला होडीवाला. होडी बंद झाली तर घर कशावर चालवायचं, म्हणून त्यानंच बाकीच्या होडीवाल्यांना गोळा करून नियम केले होते. एका वेळी दोनच होड्या. डॉल्फिन दिसले की लांबच इंजिन बंद. त्यांच्या वाटेत आडवं जायचं नाही. हे नियम पाळले जातात का, हे पल्लवीचा तक्ता सांगणार होता. पाळले जात असतील तर खाडी चालू ठेवा असं गट म्हणू शकत होता. बैठक तीन आठवड्यांवर आली होती.

"उद्या त्याच्याच होडीतनं जा," पल्लवी म्हणाली. "मी टेकडीवर असणार. फकस्त बसून बघा, मामा."

फक्त बसून बघा. एवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता निघालो. होडीत आम्ही दोघं आणि दत्ताराम. चाळिशीचा माणूस, कमी बोलणारा. पल्लवीचे मामा-मामी म्हटल्यावर त्यानं सुमनला हात देऊन बसवलं, माझ्यासाठी फळीवर गोणपाट घातलं. खाडीच्या तोंडाशी त्यानं इंजिन बंद केलं. पाणी शांत होतं. लांबवर करड्या पाठी वर यायच्या आणि जायच्या. एक मोठी पाठ आणि तिच्या कुशीला लागून एक बारकी, काळसर. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली दहा मिनिटं मीही गप्प होतो.

नंतर मला चुळबूळ व्हायला लागली. आमच्याकडचा माणूस लांब उभा राहून काही बघतच नाही. बैलगाडीची शर्यत असली तरी आम्ही दोरीच्या आत घुसतो. मी म्हणालो, "दत्ताराम, जरा जवळ घे की."

"इथंच थांबायचं, मामा. ती आपणहून आली तर येतील."

"आणि न्हाई आली तर? एवढा घाट उतरून आलोय आमी."

तो नुसता हसला. तिथं गप्प बसायला हवं होतं. पण मी काय म्हणालो, ते जसंच्या तसं लिहितो. "आरं, पल्लवीचा मामा हाय मी. मामाचा एवढाबी मान न्हाई व्हय रं तुमच्याकडं?"

आता हे वाक्य कसलं आहे ते आपल्या लोकांना सांगायला नको. लग्नात मामा रुसला तर अख्खा मांडव अडून बसतो. दत्तारामला पल्लवीशी रोजचं काम होतं, तिच्याबद्दल आदर होता. तिच्या मामाला तो नाही कसं म्हणणार? त्यानं एकदा टेकडीकडं पाहिलं आणि इंजिन चालू केलं.

आणि मी काय केलं? उभा राहिलो. माळावर बैलांना देतात तशी आरोळी दिली, होडीच्या काठावर थापा मारल्या. "पुढनं घे, पुढनं, आडवी घाल." होडी त्यांच्या पुढं गेली. पाठी एकदम गडप झाल्या. मग डाव्या अंगाला मोठी मादी वर आली, फुस्सकन श्वास सोडला, इतक्या जवळ की पाणी तोंडावर उडालं. पिल्लू उजवीकडं वर आलं, एकटंच. मध्ये आमची होडी. मादी गोल फिरली, बुडाली, परत वर आली, पण पुन्हा त्याच बाजूला.

"आवं, बसा खाली," सुमन म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

दत्तारामनं इंजिन बंद केलं. आम्ही बराच वेळ थांबलो. दोघं एकत्र वर आलेली आम्हाला दिसली नाहीत. मग किनाऱ्याला लागलो.

टेकडीवर चढलो. पल्लवीच्या गळ्यात दुर्बीण होती आणि मांडीवर तक्ता. शेवटची ओळ मी वाचली. वेळ, होडीचा क्रमांक, आणि पुढं बारीक अक्षरांत: "होडी समोरून आडवी गेली. मादी व पिल्लू वेगळे झाले. पुन्हा एकत्र आल्याचे दिसले नाही."

मी हळू आवाजात म्हणालो, "पल्लवी, एवढी एक वळ खोड की गं. दत्तारामची चूक न्हाई त्यात."

"चूक कुणाची ते मी लिहिलंच न्हाई, मामा. काय झालं ते लिहिलंय."

"त्येच्या पोटावर येईल गं." आणि मग तिला पटावं म्हणून मी जे बोललो, ते बोलताना मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. "आमच्या पाणी संस्थेत पाळीची वही माझ्याकडंच असती. भावकीतलं कोण अडलं तर मी करतो की खालीवर. कुणाचं काय बिघडतंय?"

पल्लवीच्या बापानं जतला रात्रंदिवस पाण्याच्या पाळीची वाट बघितलेली आहे, हे मला तिचं तोंड बघून आठवलं. माझ्या कानशिलात मारली असती तरी चाललं असतं.

तेवढ्यात दत्ताराम वर आला. त्याला काय चाललंय ते कळलं असावं. "लिहिलंत ना, ताई?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. "मग राहू दे. आजचं खोडलंत तर आमचे चांगले दिवस लिहिलेत, ते कोण खरे धरील?"

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मी पण नाही म्हणायला हवं होतं." एवढं बोलून तो उतरून गेला. हे ऐकून तर मला जास्तच लाज वाटली.

त्याच दुपारी निघालो. परतीत घाट कसा होता विचाराल तर मला सांगता येणार नाही, माझं लक्ष नव्हतं. पाटणला चहा घेतला. सुमन म्हणाली, "निदान त्या गटाला लिवून तरी कळवा." घरी आल्यावर मी दोन पानं लिहिली. होडीवाला थांबला होता, त्यानं आधी नाही म्हटलं होतं, मी नात्याचा दाब टाकून होडी पुढं घ्यायला लावली. खाली नाव, गाव, सही. गटाला द्यायला पल्लवीकडं पाठवलं.

परवा बैठक झाली आणि तिचा फोन आला. पिल्लांच्या महिन्यांत खाडी होड्यांना बंद ठेवावी, बाकीचे महिने दत्तारामचे नियम सगळ्यांनाच लागू करावेत, असा गटाचा सल्ला आहे. माझा कागद त्यांनी तक्त्याला जोडला. त्यामुळं सुचवलेल्या नियमांत एक ओळ वाढली, की 'होडी जवळ न्यायला सांगणार नाही' अशी सही आत जाण्याआधी पर्यटकानं करायची. कचेरीनं ते मानलं तर दत्तारामचे ऐन हंगामाचे महिने मात्र जाणार. नुसत्या माझ्या ओळीमुळं नाही, इतरही नोंदी होत्या, असं पल्लवीनं दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "आणि ती जोडी?"

"त्या दिवसानंतर दिसली न्हाई, मामा. तिच्या पाठीच्या परावर खाच हाय, दिसली असती तर वळखली असती."

"माझ्यामुळं गेली?"

"तसं लिहिता येत न्हाई. दुसऱ्या खाडीत गेली असतील. आमच्या नजरेतनंबी सुटली असतील."

"मग माझ्यामुळं न्हाई गेली, असं तरी म्हण."

"तेबी म्हणता येत न्हाई, मामा," ती म्हणाली. "पुढच्या हंगामात परत मोजणार हाय आमी." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.