पंचविसावी खुंटी

तिला सगळे मिस्त्रीण म्हणतात. हे नाव आधी चेष्टेतच पडलं. दार उघडणारा माणूस तिच्या खांद्यावरून मागे डोकवायचा, मिस्त्री कुठे दिसतोय का म्हणून. ती म्हणायची, "मागे कोणी नाही, मीच आहे. माप कशाचं घ्यायचंय?" वडील गेल्यावर त्यांचं बाकडं तिच्याकडे आलं, रंधे आले, पटाश्या आल्या, दात झिजलेल्या दोन करवती आल्या आणि पत्र्याचा एक रिकामा डबाही आला. या सगळ्याला आता अकरा वर्षं झाली. मागे डोकावणारं कोणी उरलेलं नाही.

त्या डब्याची एक शिस्त होती. पलंग असो की टेबल, मिस्त्रीण सांध्यात खिळा घालत नाही. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला जीभ काढायची. जीभ खाचेत बसली की दोन्हींतून आरपार जाईल अशी लाकडी खुंटी ठोकायची. जिभेतलं भोक मुद्दाम केसभर सरकवून पाडलेलं असतं, त्यामुळे खुंटी आत जाता जाता सांधा आवळला जातो. या खुंट्या आई तासते. चाळीस वर्षं नवऱ्यासाठी तासल्या, आता लेकीसाठी तासते. कामाला लागतील तेवढ्याच, मोजून डब्यात टाकायच्या. काम संपलं की डबा पालथा करून झटकायचा. काही पडलं नाही, तर काम पुरं झालं. पडलं, तर कुठला तरी सांधा उपाशी राहिला.

त्या सकाळी मिस्त्रीण हत्यारांना तेल लावायला बसली होती. पिशवीतून डबा काढला आणि आत काहीतरी खुळखुळलं.

एक खुंटी होती.

आदल्या दिवशीच तिने एका घरी पोरांसाठी दुमजली पलंग बसवला होता. बारा सांधे, दर सांध्याला दोन, अशा चोवीस खुंट्या. शेवटची ठोकायच्या आतच थोरलं पोर शिडीवर चढलं होतं, धाकटी "मला वरचा, मला वरचा" म्हणून भोकाड पसरत होती, त्यात चहा आला. डबा पालथा करायचा राहून गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि पोरं रात्रभर त्या पलंगावर झोपली होती.

तिने त्या घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ठोकलेल्या खुंटीगत डोक्यात एकच चित्र रुतून बसलं. वरची फळी, तिच्यावर पोर, आणि भिंतीकडचा एक सांधा हळूहळू तोंड उघडतोय. आई आत कपडे वाळत घालत होती. तिला काही न सांगता मिस्त्रिणीने मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, उचलली, ती खुंटी खिशात टाकली आणि स्कूटरला किक मारली.

दार त्या घरच्या आजींनी उघडलं.

"अगं, तू? पैसे तर कालच दिले ना सुनेनं?"

"पैशाचं नाही हो आजी. पलंग बघायचाय."

"काल दिवसभर बघून पोट नाही भरलं?"

थोरला शाळेत गेला होता. धाकटीला सर्दी झाली म्हणून घरी ठेवली होती, आणि सर्दी झालेली ती पोर वरच्या मजल्यावर उड्या मारत होती.

"खाली ये बघू आधी."

"का?"

"पलंगाची तपासणी आहे."

"त्याला पण सर्दी झाली?"

"तेच बघायचंय."

समोरच्या बाजूचं सगळं ठीक होतं. खुंट्यांची गोल डोकी लाकडाशी सपाट, तेल पिऊन काळसर झालेली. शिडी आणि कठडाही ठीक. राहिली भिंतीकडची बाजू. आजींनी गाद्या ओढल्या, मिस्त्रिणीने खांदा लावला, आणि दोघींनी मिळून पलंग हातभर पुढे सरकवला. आजी कमरेला हात लावून म्हणाल्या, "सुनेला सांगू नकोस हं मी ओढलं ते. डॉक्टरनं वाकू नको म्हणलंय."

समोरच्या खुंट्यांचा आकडा डोक्यात धरून मिस्त्रीण फटीत शिरली. प्रत्येक खुंटीवर मोगरीने टक् करायची आणि आकडा म्हणायची. धाकटीही मोठ्याने मोजायला लागली, पण तिचे आकडे चौदावरून थेट सतरावर गेले, म्हणून तिला गप्प बसवावं लागलं.

तेवीस भरल्या.

पुन्हा मोजल्या. तेवीसच.

कोपऱ्यातल्या वरच्या सांध्यात एकच खुंटी दिसत होती. दुसरीच्या जागी चकचकीत चांदणी होती, कागदाची, चिकटवलेली.

"ही कोणी लावली?"

"मी," धाकटी म्हणाली. "काल झोपताना. तो माझा बल्ब आहे."

मिस्त्रिणीने नखाने चांदणी उचलली. चांदणीखाली खुंटीचं डोकं होतं. तिने मोगरी मारली. भरीव, घट्ट आवाज आला. चोवीस.

ती तिथेच, भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत, धुळीत फतकल मारून बसली.

"काय गं, रडतेस की हसतेस?" आजींनी विचारलं.

"माहीत नाही हो आजी. पाणी द्या जरा."

धाकटीने चांदणी परत चिकटवून घेतली. जुनी नीट चिकटेना, म्हणून नवी.

परतताना स्कूटर चालवायला हलकी वाटत होती. सिग्नलला मागचा माणूस हॉर्न वाजवून थकला, तरी ती खिशातली खुंटी चाचपत उभी. चोवीस ठोकल्या, मग ही कुठली?

घरी आई बाकड्याशी भुसा झाडत होती. मिस्त्रिणीने खुंटी तिच्यापुढे ठेवली. आईने झाडू थांबवला नाही.

"किती तासल्या होत्यास?"

"पंचवीस."

"चोवीसचं काम होतं."

"माहितीये मला. आकडे येतात."

"बाबांना कधी एक तरी जास्त दिलीस?"

"त्यांची मी बायको होते. तुझी आई आहे." आई आता कुठे वर बघत म्हणाली, "पोरं झोपणार होती वर. एखादी ठोकताना फुटली असती तर तू काय केलं असतंस? खिळा मारला असतास?"

"मी? खिळा?"

"मग!"

"सांगायचं तरी होतंस. अर्धं आयुष्य गेलं माझं आज सकाळी."

"सांगितलं असतं तर डब्यातून काढून फेकली असतीस. म्हणाली असतीस, माझ्यावर भरवसा नाही तुझा."

हे इतकं खरं होतं, की मिस्त्रिणीला रागावायला जागाच सापडेना. तिने बाकड्यावर कपाळ टेकलं आणि खूप वेळ हसत राहिली. आईने तिच्या पाठीवरची धूळ झटकली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

पुढच्या आठवड्यात एक लिहायचं टेबल होतं. आईने डबा पुढे केला. मिस्त्रिणीने तो हलवून बघितला.

"किती?"

"सोळा."

"शपथ?"

"डब्यात सोळा," आई म्हणाली. "एक माझ्या उशाखाली आहे. ती मोजायची नाही."