गॅस सोडून जातील कुठे?

ज्या ऑस्ट्रेलियन बाईंमुळे मला रविवारची सुट्टी मिळाली, त्यांचं नाव मला माहीत नाही. सिंगापुरातल्या तोआ पायोह भागात, मी कामाला असलेल्या खानावळीत त्या रोज दुपारी जेवायला येत. नववीत शाळा सोडलेल्या मला भाकऱ्या थापण्याशिवाय काही येत नाही, पण बाईंना बुक्कीनं कांदा फोडायला मीच शिकवलं.

तेव्हा त्यांच्या देशात निवडणूक होती. इथल्या त्यांच्या वकिलातीत मत देऊन आल्या, त्या दिवशी त्यांचा ऑफिसातला सोबती म्हणाला, "सरकार आधीच कर्जात बुडालंय. त्यात गॅसवर कर वाढवला, तर कंपन्या निघून जातील."

बाईंनी कांद्यावर बुक्की हाणली. "कंपनीवाले दर निवडणुकीला जातो-जातो म्हणतात. गेले का कधी? गॅस आमच्या जमिनीत आहे. तो सोडून जातील कुठे? आधी कर भरा म्हणावं, मग आमच्या कर्जाची काळजी करा!"

माझ्या तोडक्या इंग्रजीलाही ते कळलं. सुट्टी मागितली की मालक मला परत गावी पाठवायची धमकी देत, आणि मी घाबरून पुन्हा भाकऱ्या थापायला लागे. त्या दुपारी पिठाच्या हातांनीच गल्ल्यापाशी गेलो. खानावळीत भाकऱ्या थापणारा मी एकटाच होतो.

"मालक, रविवारी मी येणार नाही. पाठवायचं तर पाठवा परत."

"माजलास काय रे?" ते ओरडले. मग माझ्या हातांकडे बघत पुटपुटले, "शनिवारी जास्तीच्या थापून ठेव."

निवडणुकीनंतर बाई दिसल्या नाहीत. कर वाढला की नाही, देव जाणे. पण बाई, माझी स्वतःची खानावळ निघेल, तेव्हा पहिली गरम भाकरी तुमच्या पानात पडेल. आणि पैसे काढलेत, तर टेबलावर बुक्की माझी असेल!