जावळाची लोकर

कवठे येमाईच्या कुशाबाईला उभ्या आयुष्यात एकाच बाईनं चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, आणि ती बाई तिची सख्खी विहीण होती. लेकीच्या, प्रतिभाच्या लग्नात कुशाबाईनं घरच्या मेंढरांच्या लोकरीचं स्वतः सूत काढून, विणून घेतलेली घोंगडी मोठ्या हौसेनं दौंडला दिली. विहीणबाईंनी, धुरपदाबाईंनी, ती दोन बोटांत धरून उचलली. "टोचतीय बाई, आन् वासबी येतोय," म्हणाल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर माळ्यावर टाकायला लावली. मालक रेल्वेत, राहायला क्वार्टर, घरात रंगीत टीव्ही. त्यांच्याही आजेसासऱ्यानं जन्मभर मेंढरंच राखली होती, पण ते आता बोलायचं नसायचं.

तीन वर्षं ती घोंगडी कुशाबाईच्या डोक्यातून उतरली नाही. मग प्रतिभाला मुलगा झाला, स्वराज. बाळंतपण कवठ्यातच झालं. त्या सव्वा महिन्यात कुशाबाईनं मनाशी पक्कं केलं, की नातवाच्या पहिल्या संक्रांतीला, बोरन्हाणाला, आपल्या हातचा स्वेटर न्यायचा. आणि तो विहीणबाईंनी आपल्या हातानं पोराच्या अंगात घालायचा. माळ्यावर जाता कामा नये.

स्वेटर तिनं जन्मात विणला नव्हता. शेजारच्या जन्नतबीकडून क्रोशाची सुई धरायला शिकली. आधी रुमालाची कड, मग टोपी. टोपी भोपळ्याला झाली असती, पण जन्नतबी भली बाई, म्हणाली, "हात बसला तुमचा. आता चांगली लोकर बघा. लोकर चुकली की सगळी मेहनत पाण्यात."

कुशाबाई एस.टी.नं शिरूरला गेली. इनुसभाईच्या दुकानात गुंड्या, दोरे, लेस आणि भिंतभर रंगीत लोकरीचे गुंडे. त्यानं गुलाबी गुंडा पुढं ठेवला.

"ही घ्या मावशी. बाळासाठी एक नंबर लोकर."

"कंच्या मेंढीची?"

"मेंढीची कसली? लुधियानाची हाय."

"म्हंजी तिकडं मेंढ्या गुलाबी असत्यात व्हय?"

इनुसभाई हसला. तो हसतोय तोवर बाईनं एक धागा तोडला, कनवटीची काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. केस जळल्याचा वास काही आला नाही. धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. "ही लोकर न्हाई इनुसभाई," ती म्हणाली, "ही तर प्लास्टिकची बादली हाय." दुकानात उभ्या असलेल्या दोघीजणींनी हातातले गुंडे गुपचूप खाली ठेवले. इनुसभाईनं हात जोडले, एक गुंडा दुकानाच्या पिशवीत घालून फुकट दिला आणि तिला लवकर घरी जायला सांगितलं.

घरी तिचा नवरा म्हस्कू वाटच बघत होता. दीडशे मेंढरांची पाच राहिली होती, बाकी रानात सगळा कांदा, पण बोलणं अजून दीडशेचंच. "दुकानात कशाला तडफडायचं? आपल्या मेंढीची घे. खरी लोकर टोचत न्हाई. साठ वर्सं घोंगडी पांघरतोय, कवा खाजवलं का मी?"

आता कुशाबाईची पंचाईत झाली. आपल्या हातानं पारख करावी तर खुरपून खुरपून हाताला निवडुंगसुद्धा मऊ लागे. गालाचं तेच. मऊ कातडं आणायचं कुठून? तिनं म्हस्कूकडं बघितलं. दुपारच्या जेवणानंतर तो बाजेवर पडे आणि तासभर त्याला ढोल वाजवला तरी कळत नसे. मानेवर मात्र, फेट्याखाली सदा झाकलेली, चार बोटं कातडी लहान लेकरासारखी होती.

पहिल्या दुपारी तिनं मोठ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा तिथं अलगद गुंडाळला. पाव तासात म्हस्कूचा हात मानेवर गेला. झोपेतच त्यानं मुंग्यांना शिव्या घातल्या आणि कराकरा खाजवलं. दुसऱ्या दुपारी बादलीची लोकर. खाजवलं नाही, पण मानेला घाम सुटला आणि उठून तो म्हणाला, "आज लई उकडतंय गं." मार्गशीर्षात.

तिसऱ्या दुपारी तिनं जावळ काढलं. माणसाच्या लेकराचे पहिले केस ते जावळ, तसंच कोकराची पहिली कातरणी तेही जावळच. काळ्या मेंढीच्या कोकराचं दिवाळीनंतर कातरून तिनं फडक्यात बांधून ठेवलं होतं. रिठ्यात तीनदा धुतलं, पिंजलं, चातीवर बारीक सूत काढलं आणि मानेला गुंडाळलं. म्हस्कूनं मान आत ओढून घेतली, झोपेत हसला आणि जागा झाला तेव्हा दोरा मुठीत धरून होता.

"हे काय गं?"

"तुमचंच खरं," कुशाबाई म्हणाली. "खरी लोकर टोचत न्हाई. पर कंची खरी, ते तुमच्या मानेला इचारावं लागलं." त्या दिवसापासून म्हस्कू दुपारचं फेटा बांधूनच झोपू लागला.

जावळ जेमतेम होतं. एक बाही चुकून लांब झाली, जन्नतबीनं ती उसवायला लावली, कुशाबाईनं रडत उसवली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटचा टाका पडला. स्वेटर काळाभोर, संक्रांतीला हवा तसा. गुंडाळायला घरात इनुसभाईच्या दुकानाची पिशवी तेवढी धड होती.

दौंडच्या क्वार्टरमध्ये बायका जमल्या होत्या. धुरपदाबाईंनी आधी पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचलं, मग स्वेटर गालाला लावला. कुशाबाई त्यांच्या बोटांकडं बघत होती.

"ह्याला म्हनायची लोकर," धुरपदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "दुकानातली ती दुकानातली. शिरूरची ना?"

"पिशवी शिरूरचीच हाय," कुशाबाई म्हणाली. प्रतिभाला एकदम ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत पळाली.

धुरपदाबाईंनी आपल्या हातानं स्वराजला स्वेटर घातला. बोरं, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून पडल्या, बायकांनी लुटल्या, आणि पोरगं त्या उबेत दौंडच्या आजीच्या मांडीवर झोपून गेलं. धुरपदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"विहीणबाई, मलाबी बिनबाह्यांचा एक करा. थंडीत पाठ लई धरती. लोकर हीच आना, ह्याच दुकानातली."

"ती दुकानात न्हाई मिळत. आमच्या काळ्या मेंढीच्या कोकराचं जावळ हाय ते."

हात थांबला. धुरपदाबाईंनी वाकून स्वेटरचा वास घेतला. रिठ्याचा तेवढा आला. काढावा तर पोरगं उठेल, आणि त्यानं एक कड मुठीत घट्ट धरलेली. बायका बघत होत्या. हात पुन्हा हळूहळू फिरू लागला.

"मग," त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मेंढी आता पुन्यांदा कवा व्येल?"

कुशाबाईनं पदर सावरला. "इचारून सांगते तिला," म्हणाली.