काक्षी फुटायची वाट पाहणारे आमचे व्याही

सूर्याच्या प्रकृतीची काळजी करणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघावा, हा माझ्या लेकीच्या पत्रिकेतला योग असला पाहिजे. तसं मी त्यांना एकदा म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, "पत्रिकेचं नाव काढू नका." कारण लग्न ठरवताना मी ती मोठ्या अदबीनं पुढं केली होती आणि त्यांनी चष्मा पुसून वाचलीही होती. "मृग नक्षत्र लिहिलंय," ते म्हणाले. "अहो, मृगातले तारे एकमेकांपासून इतके लांब आहेत की त्यांची आपापसात ओळखसुद्धा नसेल. ते माझ्या सुनेचं काय बघणार? मुलगी चहा चांगला करते, आम्हाला पसंत आहे." चहा आमच्या हिनं केला होता, पण ठरलेलं लग्न मोडायला नको म्हणून आम्ही गप्प बसलो.

सगळी नोकरी त्यांनी विम्याच्या कचेरीत काढली. माणसाचं वय, वजन आणि प्रकृती बघून तो किती टिकेल याचा अंदाज बांधायची सवय तिथं लागली, आणि निवृत्तीनंतर समोर माणसं उरली नाहीत म्हणून ती सवय आकाशात गेली. त्यांच्या मते सूर्य हा आदर्श विमेदार. मध्यम बांधा, खाणंपिणं बेताचं, निम्मं आयुष्य झालं तरी तक्रार नाही. "पुढं मात्र फुगेल हो," असं ते भावाच्या मधुमेहाबद्दल बोलावं तशा आवाजात सांगत. "फुगून तांबडा होईल, बुध-शुक्राला गिळेल, आणि मग पांढराफटक, एवढासा होऊन निवत बसेल." वजनदार ताऱ्यांवर त्यांचा राग होता. बारके तारे चिकट, इंधन पुरवून पुरवून वापरतात आणि चालतच राहतात. जाडे तारे उधळे, भपक्यात जळतात आणि लवकर संपतात. हे सगळं त्यांनी लग्नाच्या पंगतीत, माझ्या चांगल्याच भरलेल्या धाकट्या भावाला, तो जिलबीला हात घालत असताना सांगितलं. भावानं ती जिलबी परत ठेवली. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

धायरीच्या त्यांच्या घरी एका दिवाळीला आम्ही मुक्कामी गेलो, तेव्हा पहाटेच्या अभ्यंगस्नानाला विसणासाठी मी भरवशानं निळ्या टिकलीचा नळ सोडला आणि किंचाळलो. उकळतं पाणी! "व्याही, तांबडा सोडा, तांबडा!" बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला. मग कळलं, की तांबडे तारे तुलनेनं थंड आणि निळे तारे भयंकर तापलेले असल्यामुळं यांनी प्लंबरला बोलावून घरातल्या सगळ्या टिकल्यांची अदलाबदल करून घेतली होती. "चूक जगाची आहे, मी फक्त माझ्या घरापुरती दुरुस्त केली," ते मला बर्नॉल देत म्हणाले. नातीच्या बारशाला तर पाळण्याभोवती जमलेल्या बायकांना त्यांनी धुळीच्या आणि वायूच्या ढगातून तारा कसा जन्मतो ते समजावून सांगितलं, आणि त्या ढगाला 'अभ्रिका' म्हणतात म्हणून मुलीचं नावही तेच सुचवलं. आमची ही म्हणाली, "उशीचा अभ्रा आठवतो हो." नाव बारगळलं. पुढं वर्षभर ते आमच्याकडं आले की उशी न घेता झोपायचे.

विहीणबाई या सगळ्याकडं घरात मांजर असावं तसं बघत. गच्चीवर त्या उन्हाळ्यात कुरडया घालायला जायच्या, संध्याकाळी कधीच नाही. "वर बघायला एक माणूस आहे घरात," त्या म्हणत, "कुणीतरी दुधाकडं बघायला नको?"

आणि मग एका हिवाळ्यात काक्षी मंदावली. काक्षी म्हणजे मृग नक्षत्रातला तो मोठा तांबूस तारा. व्याही तिच्याबद्दल नेहमीच बाईमाणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "म्हातारी झालीय, फुगलीय, इंधन संपत आलंय. आता ती फुटणार. फुटली की भर दिवसा दिसेल, व्याही!" रोज संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन बसू लागले. आणि गच्चीच्या जिन्यात एक दिवस त्यांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली, लवकरात लवकर. व्याही म्हणाले, "काक्षी फुटली की करू."

आधी सगळ्यांना ती गंमत वाटली. आठवडा गेला, तशी गंमत उरली नाही. जावई चिडला, लेक रडली. डॉक्टर शहाणे होते, ते म्हणाले, "काका, तो तारा शेकडो प्रकाशवर्षं लांब आहे ना? मग फुटायचा तर कधीच फुटला असेल. थांबून काय उपयोग?" "फुटली असेल हो," व्याही म्हणाले, "पण बातमी यायचीय ना! आणि ती यायची त्या वेळी मी तुमच्याकडं छताखाली गुंगीत पडलेला असलो तर?" शेवटी लेकीचा मला फोन आला. "बाबा, तुम्ही या. तुमचं ऐकतील."

माझं कुणी ऐकतं हे मला नवीन होतं, तरी गेलो. ते गच्चीवर खुर्चीत, कानटोपी घालून बसले होते. अंधार नुकताच पडला होता. मी म्हणालो, "अहो, ती आणखी लाख वर्षंही काढेल म्हणतात."

"उद्याही फुटेल म्हणतात."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

त्यांनी कानटोपी कानांवरून खाली ओढली. मग म्हणाले, "व्याही, मला भीती वाटते. तारा संपताना काय काय होतं, ते मी तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगीन. आपलं काय होतं ते मला कुणी सांगत नाही. इथं बसलो की तेवढा वेळ बरं वाटतं."

 मागं चपला वाजल्या. विहीणबाई वर आल्या होत्या, आणि त्यांनी ऐकलंही असावं. पदर खोचून त्या नवऱ्याच्या खुर्चीशी उभ्या राहिल्या.

"कुठंय ती तुमची?"

त्यांनी बोट केलं.

"ही? हिच्यासाठी?" विहीणबाईंनी तिच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्यात जा. हिच्याकडं मी बघते. रोज. फुटली तर येऊन सांगेन."

"तुला कळेल?"

"जन्म तुमच्याबरोबर काढलाय. कोण कधी फुटणार ते मला आधी कळतं."

व्याही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. मग तिथंच शिकवणी झाली. शेजारच्या रोहिणीच्या ताऱ्याशी तिचा उजेड ताडून बघायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मोबाइलकडं बघायचं नाही. दोन दिवसांनी ते दाखल झाले.

ऑपरेशन लांबत गेलं. दिवेलागण झाली तशा विहीणबाई बाकावरून उठल्या. "मी जरा बघून येते." नातेवाइकांनी एकमेकांकडं पाहिलं, नवरा आत टेबलावर आणि ही बाई निघाली तारे बघायला! मी त्यांच्यामागून गेलो. दवाखान्याच्या आवारात झगझगीत दिवे होते. रुग्णवाहिकेच्या आडोशाला उभं राहून, कपाळावर हाताचा आडोसा धरून त्यांनी दोन इमारतींच्या मधून मृग शोधून काढला. ओठ हलत होते. देवाचं काही म्हणत असाव्यात, किंवा काक्षीला दम देत असाव्यात. मी म्हणालो, "शुद्धीवर आले की फुटली म्हणून सांगा. बरं वाटेल त्यांना."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी रुग्णवाहिकेचा नंबर वाचू लागलो. "खोटं सांगू? एवढी एकच गोष्ट त्यांनी मला सांभाळायला दिलीय."

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी डोळे उघडले आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "फुटली?" नर्सबाई घाबरून सलाइनची बाटली बघू लागल्या.

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आहे तशीच आहे. उलट मला काल जरा उजळ वाटली."

"दोन दिवसांत तुला उजळ कळायला लागलं!" व्याही पुटपुटले, आणि विहीणबाईंचा हात हातात धरून पुन्हा झोपले. काक्षी पुढं खरंच उजळत गेली. ते आजही सांगतात, "हे पुण्यात सगळ्यांत आधी आमच्या हिला दिसलं." खरंखोटं काक्षीला ठाऊक.

आता त्यांना जिने चढवत नाहीत. संध्याकाळी विहीणबाई एकट्याच गच्चीवर जातात आणि खाली येऊन सांगतात. मग त्यावर दोघांचा वाद होतो, आणि दूध उतू जातं. परवा वैशाखात मी गेलो होतो. या दिवसांत मृग सूर्यापाठोपाठ मावळून जातो, गच्चीवर जाऊन काही बघायचं राहत नाही. तरी विहीणबाई वर निघाल्याच. मी जिन्यात गाठून विचारलं, "आता काय दिसतं हो तुम्हाला वर?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पण खाली आलं की विचारायला कुणीतरी बसलेलं असतं ना."