‘पानी’वर मारलेली रेघ

"तू बोलतेस तेव्हा वाटतच नाही गं, तू इथली आहेस."

संस्थेच्या मॅडम हे कौतुक म्हणून म्हणाल्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, पालिकेच्या शाळेत, तिसरीच्या पंधरा मुलांसमोर. मी त्याच वस्तीत जन्मले. संस्थेतर्फे वाचनात मागे पडलेल्या मुलांना त्याच शाळेत शिकवते. आणि मी हसले. वर "थँक्यू मॅडम" म्हटलं. आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मॅडम वर्षातून दोनदा अंधेरीहून गाडीने यायच्या, परीक्षा घ्यायला. मूल एक मिनिट मोठ्याने वाचणार, मॅडम मोबाइलवर वेळ लावणार, चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीने रेघ मारणार. रेघा जास्त झाल्या की मूल पुन्हा अक्षरगटात. म्हणजे परत क, ख, ग. गोष्टीची पुस्तकं बंद. पोरांचं अख्खं वर्ष त्या पेन्सिलीच्या हातात, आणि मॅडमना कौतुक कशाचं, तर आपण इतक्या पायऱ्या चढून आलो त्याचं!

त्या दिवशी निकिताची पाळी होती. जूनमध्ये ही पोरगी जोडाक्षर दिसलं की रडायची. सहा महिने मी तिच्याशेजारी बसून, ओळीवरून बोट फिरवत, एकेक ओळ तीन-तीनदा वाचून घेतली होती. आता ती अडखळत नव्हती. उतारा होता राजाच्या विहिरीचा. दुष्काळात राजा विहिरीवर पहारा बसवतो आणि रोज दुपारी एकदा सगळ्यांना पाणी देतो.

निकिता खडाखडा वाचत सुटली. "पानी." रेघ. "आनि." रेघ. "कोन." रेघ. एकूण नऊ रेघा. नऊच्या नऊ ‘ण’च्या.

मग प्रश्न. "राजा कसा होता?" कागदावर छापलेलं उत्तर होतं, दयाळू.

निकिता म्हणाली, "दयाळू कसला? पहारा त्यानंच लावला ना?"

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. मॅडमनी फुली मारली. माझ्याकडे वळल्या आणि सगळ्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अक्षरगट. यांच्या जिभेलाच वळण नाही गं. घरातूनच येतं हे."

घरातून. मला माझे वडील आठवले, आबा. पाचवीत बाईंनी मला फळ्यासमोर उभं करून "पाणी, पाणी" घोकायला लावलं होतं. वर्ग खिदळत होता. मग मी आरशासमोर उभं राहून तो ‘ण’ कमावला. आणि एकदा पाहुण्यांसमोर आबा "पानी दे गं" म्हणाले, तर मी त्यांना सुधारलं. "पाणी म्हणा, आबा." त्यानंतर ते माझ्याकडे पाणी मागताना नुसतं तांब्याकडे बोट दाखवायचे. मरेपर्यंत. असलं ते माझं शुद्ध बोलणं. त्याचीच मॅडम मला शाबासकी देत होत्या.

"मॅडम, रेघा खोडा," मी म्हटलं.

"अगं, नियम आहे."

"तिनं वाचलंय. तिला समजलंय पन. तुमच्या कागदापेक्षा जास्त समजलंय."

"तू ‘पन’ म्हणालीस?"

"हो. मी पन इथलीच. हेच पानी पिऊन मोठी झाले. मला पन टाका अक्षरगटात."

मुलं फुटली हसायला. सगळ्यात मोठ्याने निकिता. मॅडमनी कागद गोळा केले. "वर कळवावं लागेल," म्हणाल्या.

कळवा. विहिरीवर पहारा लावणारा राजा ज्यांना दयाळू वाटतो, ते आमच्या पोरांची समज मोजायला येतात. स्वतःला साधी गोष्ट कळत नाही आणि हातात पेन्सिल!

पुढच्या आठवड्यात यादी आली. निकिता अक्षरगटात. ती यादी मी कपाटात टाकली आणि तिच्या हातात गोष्टीचं जाड पुस्तक दिलं. ‘ण’ मी तिला शिकवीन, सावकाश. त्यासाठी तिचं वाचन अडवणार नाही. मला कामावरून काढलं तर वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांना घेऊन बसेन. तोवर निकालाच्या कागदावर लिहीन, वाचता येतं, समजतं. खाली माझी सही. आजवर आडनाव गाळायचे, आता पूर्ण नावाने, आडनावासकट. ते वाचून त्यांना काय समजायचं ते समजू दे.