पोचवहीतला अंगठा

आदरणीय प्रा. सुलभा खैरनार मॅडम यांची आणि माझी पहिली भेट पदवीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. मी चांदवडहून एसटीने आलो होतो. शर्ट थोरल्या भावाचा होता आणि आत्मविश्वास कुणाचा होता देव जाणे. माध्यमांचं शिक्षण कशासाठी घ्यायचंय, असं मॅडमनी विचारलं. "टीव्हीवर यायचंय," मी म्हणालो. "ये की. पण बोलणार कोणाबद्दल?" यावर मी गप्प. तरी प्रवेश मिळाला. पुढे कधीतरी मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तू गप्प बसलास. बाकीचे बसले नाहीत."

मॅडमच्या साठीनिमित्त आनंदाने लिहावं, असं संपादक मंडळाने कळवलं आहे. जमेल तेवढं जमवतो. मॅडम निवृत्त होत आहेत त्याच वर्षी आपला विभागही बंद होतो आहे. यंदा प्रथम वर्षाला प्रवेशच दिले नाहीत. संकलनाच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले आहेत. आपल्यातले किती जण बातमीदारीत टिकले, हे कुणी विचारू नये. मी स्वतः गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिराती लिहितो. 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द आठवड्यातून दोनदा तरी माझ्या हातून उतरतात.

मॅडमकडे शिकलेल्या प्रत्येकाला पोचवही ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. विभागाचा चार पानी सरावाचा अंक निघायचा. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याकडे विद्यार्थ्याने स्वतः जायचं, मजकूर वाचून दाखवायचा आणि त्या वहीत त्याची सही आणायची. दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम वहीतलं एक पान उघडून निळ्या शाईतला एक अंगठा दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हा खोटा आहे." कुणाचा ते त्यांनी कधी सांगितलं नाही. प्रत्येक तुकडीने आपापले तर्क लढवले. तो अंगठा माझा आहे.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. लासलगावात एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांसाठी शौचालय नव्हतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. त्यातल्या एका बाईंनी हे मला मोकळेपणाने सांगितलं. मी त्यांच्या नावानिशी आणि फोटोसह बातमी दिली. मॅडमनी वर्गात कौतुक केलं आणि मी आठ दिवस हवेत होतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अंक छापल्यावर तो घेऊन जायचं होतं. मला कंटाळा आला. दुसरं कारण नाही, आजवर शोधूनही सापडलं नाही. खोलीवर बसून मी शाईच्या पॅडवर स्वतःचा डावा अंगठा टेकवला आणि वहीत उमटवला. मजूर बाई म्हणजे अंगठाच असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

मॅडमनी वही पाहिली, मग अंक उघडला. "तुझ्याच बातमीची तिसरी ओळ वाच." मी वाचली. 'सातवीपर्यंत शिकलेल्या या बाई' अशी ती ओळ होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन लासलगावला गेल्या. बाई खळ्यावर नव्हत्या, घरी होत्या. व्यापाऱ्याने अंक पाहून त्यांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. "पोरानं खोटं काय बी नाय लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण नाव टाकू का, येवढं तरी इचारायचं व्हतं. आन छापल्यावर तरी यायचं. मला मालकाकडून कळलं."

मॅडमनी उभं राहून हात जोडले. "चूक माझी आहे. छापून झाल्यावर वाचायला पाठवत होते मी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम तिथून व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने चहा पाजला, बाईंना परत घेतलं नाही. नाशिकला उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "दहापैकी शून्य. उद्या तासाला वेळेवर ये." छापण्याआधी वाचून दाखवायचं, हा नियम त्या दिवसापासूनचा. बाईंच्या घरी मॅडम आजही जाऊन-येऊन असतात. मी पुन्हा कधी गेलो नव्हतो.

गेल्या महिन्यात विभागाची कपाटं रिकामी करताना मॅडमनी पोचवही माझ्या हातात ठेवली. साखरेने त्यांची नजर फार अधू झाली आहे. वर्तमानपत्राचे मथळेही आता दिसत नाहीत. ज्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं त्यांना वाचून दाखवण्याची वेळ यावी, याचं फार वाईट वाटतं. नियमाप्रमाणे हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "माझं ठीक आहे. त्यांना वाचून दाखवलंस का?"

म्हणून लासलगावला गेलो. बाई आता थकल्या आहेत. त्या खळ्यावर संडास झाला म्हणे. "दार नाय अजून त्याला," त्या म्हणाल्या. मी लेख वाचला. बाई म्हणाल्या, "म्याडमचं समदं लिही. माझं नाव नको टाकू." त्यामुळे या लेखात त्यांचं नाव नाही. "आन त्यांना सांग, डोळ्यांचं औषध टायमावर घ्या म्हनावं. लय वर्सं जगायचंय अजून."

मॅडम, माझ्या शुभेच्छा याहून वेगळ्या नाहीत. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो; आम्हाला हटकणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

लासलगावहून निघताना मी बाईंपुढे पोचवही केली. माझ्या अंगठ्याखालची ओळ मॅडमनी इतकी वर्षं कोरी ठेवली होती. बाईंनी पेन मागून घेतला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.