मिनिटाला किती शब्द

माझी धाकटी जाऊ कुणाचं वाईट चिंतणार नाही, आणि नेमका तोच तिचा रोग. तिला शिक्षिका व्हायचं होतं, ते राहून गेलं. चाळिशीत एका संशोधन संस्थेने तिला कामाला घेतलं. शाळाशाळांत जायचं, तिसरीच्या मुलापुढे एक पान ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते लिहायचं. मूल अडलं तर तीन सेकंद थांबून पुढच्या शब्दावर बोट ठेवायचं. मदत करायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही. साठ शाळांतल्या सगळ्यात कच्च्या दहा शाळांना वर्षभर वाचनाची वेगळी शिक्षिका मिळणार होती, आणि तिच्यामुळे काय फरक पडतो ते पुन्हा मोजणार होते. घरात आम्ही जावेला मास्तरीणबाई म्हणून चिडवायचो. तीही खुशाल मिरवायची.

माझी मुलगी तिसरीत. वर्गात एकोणपन्नास मुलं आणि एकच बाई. ऐपत असलेल्यांची मुलं शिकवणीला जातात, आमची वाऱ्यावर. ती शिक्षिका आमच्या शाळेत यावी म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. यादी लागली, त्यात आमची शाळा नव्हती. आमची मुलं म्हणे मिनिटाला अडतीस शब्द वाचतात.

अडतीस? माझ्या पोरीला औषधाच्या बाटलीवरचं नाव लागत नाही. तिला समोर बसवून विचारलं, काकू चाचणी घ्यायला आली त्या दिवशी कसं वाचलंस गं?

"काकूच्या तोंडाकडे बघून," ती म्हणाली. "काकू हळूच म्हणते ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊ कपडे वाळत घालत होती, तिथेच तिला गाठलं. ती शपथेवर सांगत होती, की तोंडातून आवाज काढला नाही. खोटं बोलणारी बाई नाही ती. मग मी तिच्यासमोरच पोरीला एक पान वाचायला दिलं आणि जावेला म्हटलं, तू गप्प बस. पोरगी अडली, आणि बाईसाहेबांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. मूल अडलं की तिच्या जिवाची घालमेल होते आणि तोंड आपोआप शब्द जुळवतं. तिला पत्ताच नव्हता. मी तिचाच हात तिच्या तोंडावर ठेवला, तेव्हा तिला कळलं.

ती बोटांवर शाळा मोजायला लागली. असं माप तिने अकरा शाळांत घेतलं होतं.

"ताई, मी सांगितलं तर मला काढून टाकतील."

"आणि नाही सांगितलंस तर?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण माझी मलाच लाज वाटली. तिच्या नोकरीचं मला काही पडलं नव्हतं, मला माझ्या पोरीसाठी शिक्षिका हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिने जाऊन सगळं सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही म्हणे. अकरा शाळांचे कागद बाद केले, फेरचाचणी ठरवली आणि तिला उद्यापासून येऊ नका म्हणाले. घरी येऊन ती भाजी निवडत बसली. मी चहा दिला, तो तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

फेरचाचणीला एक चष्मेवाले गृहस्थ आले. आम्ही दोघी जावा फाटकापाशी उभ्या होतो, तिथून वर्गाची खिडकी दिसत होती. माझी पोरगी पानावरून मान वर करून सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते शांतपणे पुढच्या शब्दावर बोट ठेवत होते.

एकेक मूल चेहरा पाडून बाहेर येत होतं. माझी आली.

"चार आले," ती म्हणाली.

जाऊ तिला पोटाशी धरून ढसाढसा रडायला लागली. मला मात्र हायसं वाटलं. सगळ्यांचे असेच आले तर शाळा यादीत जाणार, म्हणजे शिक्षिका येणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पोरगी काकूच्या कुशीतून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई, तू कशाला हसतेस?"